ठाण्याचा तुरुंग आणि दंडाधिकाऱ्याची किल्ली

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर रस्ता फुटतो. एक वाट साईबाबा मंदिर, रांजणोली, कोनगाव करीत दुर्गाडीच्या पुलावरून कल्याणला जाते, तर दुसरी नारपोली, अंजूरफाटा, कशेळीमार्गे खाडी ओलांडून ठाण्यात शिरते. यंत्रमागाच्या तागांनी लादलेले टेम्पो, रिक्षा आणि हातगाड्या यांच्या गर्दीतून पोलिसांची जाळी लावलेली गाडी जाऊ लागली की नाक्यावरचे लोक क्षणभर तिकडे पाहतात आणि पुन्हा आपल्या कामाला लागतात. न्यायालयाने कोठडीचा आदेश दिल्यावर भिवंडीचा माणूस या दोनपैकी एका रस्त्याने जातो : कल्याणच्या आधारवाडी जिल्हा कारागृहात किंवा ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहात. मागाहून त्याचे नातलग कपड्यांची पिशवी आणि वकिलाच्या कागदांची फाईल घेऊन त्याच रस्त्याने निघतात.

या दोन तुरुंगांत एक फरक होता, जो नातलगांना कधी जाणवला नसेल. १८९४च्या तुरुंग कायद्याच्या अकराव्या कलमाने तुरुंगाचा अधीक्षक महानिरीक्षकाच्या हुकमतीखाली ठेवला होता. मात्र मध्यवर्ती आणि इलाखा शहरांतील तुरुंग वगळता इतर तुरुंगांच्या अधीक्षकाने जिल्हा दंडाधिकाऱ्याचेही, कायद्याशी विसंगत नसलेले, हुकूम पाळावेत आणि ते महानिरीक्षकाला कळवावेत, असे त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात म्हटले होते. म्हणजे ठाण्याचा तुरुंग खात्याचा, तर कल्याणचा तुरुंग खात्याचा आणि शिवाय थोडासा जिल्हाधिकाऱ्याचाही. कायद्यात उरलेला हा अर्धा धनी आला कोठून, याचा माग घेत गेले तर वाट थेट अठराव्या शतकातील इंग्लंडच्या परगण्यांत आणि तिथून परत ठाण्याच्या किल्ल्यात येते.

बेडफर्डच्या शेरीफाचा प्रश्न

पहिल्या जॉर्जपासून चौथ्या जॉर्जपर्यंतचा, म्हणजे १७१४ ते १८३० हा काळ इंग्लंडच्या इतिहासात जॉर्जियन काळ म्हणून ओळखला जातो. त्या काळात इंग्लंडमध्ये तुरुंगाचे सरकारी खाते असे काही नव्हते. प्रत्येक परगण्याचा एक तुरुंग असे. कायद्याने तो राजाचा. राजाच्या वतीने तो शेरीफाच्या ताब्यात असे. परंतु भिंती बांधायच्या, छप्पर शाकारायचे, कैद्यांना भाकरी द्यायची तर पैसा लागतो आणि तो पैसा परगण्याच्या पट्टीतून येई. ती पट्टी बसविण्याचा अधिकार होता 'जस्टिस ऑफ द पीस' या स्थानिक दंडाधिकाऱ्यांकडे. ही मंडळी पगारी नव्हती. गावोगावचे जमीनदार, काही धर्मगुरू, अशांना राजाची सनद मिळालेली असे. वर्षातून चार वेळा ते एकत्र बसत. त्याच बैठकीत चोराला शिक्षा होई, पुलाच्या दुरुस्तीला मंजुरी मिळे आणि तुरुंगाचा खर्चही तपासला जाई. तुरुंग हा पुलासारखाच परगण्याच्या खर्चाचा एक बाब होता आणि पट्टी भरणारे हे दंडाधिकाऱ्यांचेच शेजारी असल्याने तो खर्च होईल तितका कमी ठेवण्याकडे कल असे.

यातूनच त्या व्यवस्थेचा सर्वांत मोठा दोष जन्मला. तुरुंगाधिकाऱ्याला पगार देण्याऐवजी त्याने कैद्यांकडून शुल्क घ्यावे, अशी रीत पडली. आत येताना शुल्क, बेड्या सैल करायला शुल्क, बरे अंथरूण हवे तर शुल्क आणि सुटताना पुन्हा शुल्क. काही तुरुंगांत तुरुंगाधिकारीच दारूचा गुत्ता चालवी. आपल्याकडे जहागिरी किंवा बाजारपेठेचे इजारे लिलावाने दिले जात, त्याच जातीचा हा प्रकार. फरक इतकाच की इथे इजारा माणसांचा होता.

१७७३ साली जॉन हॉवर्ड नावाचा एक जमीनदार बेडफर्डशायरचा शेरीफ झाला. ते पद मानाचे समजले जाई. बहुतेक शेरीफ तुरुंगाकडे फिरकतही नसत. हॉवर्ड गेला. तिथे त्याला असे लोक आढळले की ज्यांना ज्यूरीने निर्दोष ठरविले होते किंवा ज्यांच्याविरुद्ध फिर्यादी उभाच राहिला नव्हता. तरीही तुरुंगाधिकाऱ्याचे शुल्क देता येत नाही म्हणून त्यांना पुन्हा गजाआड ओढून नेले जात होते. तुरुंगाधिकाऱ्याला परगण्याच्या तिजोरीतून पगार द्या, अशी विनंती त्याने दंडाधिकाऱ्यांना केली. त्यांचे उत्तर पक्के सरकारी होते : असे कुठे करतात का, याचा दाखला आणा. दाखला शोधायला हॉवर्ड शेजारच्या परगण्यांत गेला. दाखला मिळाला नाही, पण तोच अन्याय सगळीकडे मिळाला. मग तो देशभर फिरत राहिला आणि १७७७ मध्ये इंग्लंड-वेल्समधील तुरुंगांच्या स्थितीवरचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याने मोजलेल्या ४,०८४ बंदिवानांपैकी २,४३७ जण केवळ कर्जदार होते. गुन्हेगार म्हणावेत असे निम्म्याहूनही कमी.

ग्रंथ यायच्या आधीच, १७७४ मध्ये, पार्लमेंटने दोन कायदे केले होते. निर्दोष ठरलेल्याला तेथल्या तेथे मोकळे करावे आणि तुरुंगाधिकाऱ्याचे शुल्क परगण्याने भरावे, हा पहिला. दुसऱ्यात दंडाधिकाऱ्यांना हुकूम होता की भिंतींना चुना लावा, हवा खेळती ठेवा, आजाऱ्यांसाठी वेगळ्या खोल्या करा, वैद्य नेमा. या दुसऱ्या कायद्यामागे दयेइतकीच भीतीही होती. तुरुंगातला ज्वर भिंती ओलांडून बाहेर येत असे. १७५० साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात कैद्यांसोबत आलेल्या या ज्वराने लॉर्ड मेयर, न्यायाधीश, वकील, ज्यूरी असे कित्येक जण दगावले होते. न्यायासनावर बसलेल्याला कैद्याच्या कोठडीतली हवा हुंगावी लागली, तेव्हा कुठे खिडक्यांचा विचार सुरू झाला, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही.

कायदे झाले तरी ते बजावायचे दंडाधिकाऱ्यांनीच. ज्या परगण्यात एखादा दंडाधिकारी मनावर घेई तिथे तुरुंग बदले, नाही तिथे चुनाही लागत नसे. ग्लॉस्टरशायरमध्ये सर जॉर्ज ओनेसिफरस पॉल या दंडाधिकाऱ्याने मनावर घेतले. १७८५ साली खास कायदा करवून जुन्या किल्ल्याच्या जागी नवा तुरुंग उभारला आणि तो १७९१-९२ च्या सुमारास वापरात आला. रात्री प्रत्येकाला स्वतंत्र कोठडी, कर्जदार, कच्चे कैदी, शिक्षा झालेले आणि स्त्रिया यांचे वेगळे विभाग, अशी त्याची रचना होती. मुख्य म्हणजे काही दंडाधिकाऱ्यांनी ठरावीक मुदतीने तुरुंगात जाऊन पाहायचे, कैद्याची तक्रार ऐकायची आणि वहीत शेरा लिहायचा, ही पद्धत तिथे रुजली. देशभर ती १७९१ च्या आणि पुढे १८२३ च्या कायद्याने बंधनकारक झाली. १८२३ च्या कायद्याने तुरुंगाधिकाऱ्याला पगार आणि स्त्री-कैद्यांवर स्त्री-रक्षक, हेही सांगितले. हॉवर्डकडे मागितलेला दाखला अखेर पन्नास वर्षांनी तयार झाला.

कच्च्या कैद्यांची गोष्ट वेगळी. गंभीर गुन्ह्यांसाठी लंडनहून न्यायाधीश फेरीवर येत. बहुतेक परगण्यांत वर्षातून दोनदा, उत्तरेकडे काही ठिकाणी एकदाच. तोवर आरोपी आत. मात्र न्यायाधीश आले की त्यांच्या सनदेत तुरुंग रिकामा करण्याचा हुकूम असे. तुरुंगात असलेल्या प्रत्येकाच्या नावाची यादी त्यांच्यापुढे ठेवावी लागे आणि प्रत्येक नावाचे काहीतरी करावे लागे. शिक्षा, सुटका किंवा पुढची तारीख. एकही नाव यादीबाहेर राहता कामा नये, ही त्यातली मेख होती. इंग्रज राजवटीबरोबर हीच कल्पना 'जेल डिलिव्हरी' या नावाने हिंदुस्थानातही आली.

खाडीच्या अलीकडे, खाडीच्या पलीकडे

ठाण्याच्या किल्ल्याचे काम पोर्तुगीजांनी १७३०च्या सुमारास काढले, पण ते पुरे होण्याआधीच १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीसह ठाणे घेतले. १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी तोफा लावून किल्ला जिंकला. त्या लढाईत त्यांचा आरमारी अधिकारी कमोडोर वॉटसन कामी आला. १७८२च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडे कायम राहिली. खाडीच्या पलीकडे मात्र पेशव्यांचा अंमल होता. भिवंडी, कल्याण हा मुलूख पेशव्यांचा आणि ठाणे कंपनीचे. आज कशेळीचा पूल ओलांडायला काही मिनिटे लागतात. तेव्हा ती खाडी दोन राज्यांची, पर्यायाने दोन न्यायव्यवस्थांची सीमा होती.

पलीकडे, पेशवाईत, तुरुंगासाठी स्वतंत्र इमारत बांधण्याची चाल नव्हती. महत्त्वाचे कैदी डोंगरी किल्ल्यांवर पाठवीत. किल्लेदार त्यांना बेडी घाली, शिधा देई आणि कधी बांधकामावर राबवी. सखारामबापू बोकिलांसारखा मुत्सद्दीही नाना फडणिसांच्या कोपामुळे असाच किल्ल्याकिल्ल्यांवरून फिरविला गेला. शहरात अटकेतले लोक कोतवालाच्या चावडीत असत. त्या चावडीचे काय होऊ शकते, हे १७९१ साली पुण्याने पाहिले. कोतवाल घाशीराम सावळदास याच्या लोकांनी तेलंगी ब्राह्मणांच्या एका टोळक्याला अडचणीच्या जागेत कोंडले आणि त्यातले वीसहून अधिक जण गुदमरून मेले. लोक खवळले, पेशव्यांच्या वाड्यावर गर्दी झाली आणि घाशीरामाला दगडांनी ठेचून मारण्यात आले. विजय तेंडुलकरांच्या नाटकामुळे हे नाव घरोघरी पोहोचले. पण नाटकाबाहेरची गोष्ट अशी की ग्लॉस्टरचा नवा तुरुंग कैद्यांसाठी उघडत होता, त्याच सुमारास पुण्यात कोठडीच्या अपुऱ्या हवेने माणसे मरत होती आणि पन्नास वर्षांआधी लंडनचे चित्र याहून वेगळे नव्हते. कोणत्या देशाची रीत चांगली, असा हा हिशेब नाहीच. कोठडीत कोण डोकावते, एवढाच तो आहे.

खाडीच्या अलीकडे, ठाण्यात, १७९९ साली मुंबई सरकारच्या नियमांनी साष्टी, करंजा आणि आसपासच्या बेटांचा दिवाणी, फौजदारी आणि पोलिसी कारभार एकाच गोऱ्या सनदी नोकराकडे सोपविला. त्याचे पद 'जज्ज आणि मॅजिस्ट्रेट'. म्हणजे ज्याच्या हुकमाने माणूस पकडला जाई, त्याच्याच कचेरीत खटला चाले आणि त्याच्याच देखरेखीत तो डांबलाही जाई. जून १८१७च्या पुणे तहाने पेशव्यांनी उत्तर कोकण सोडले आणि भिवंडी-कल्याण या अंमलाखाली आले. ठाणे हे उत्तर कोकण जिल्ह्याचे ठिकाण झाले (१८३३ पासून जिल्ह्यालाच ठाणे म्हणू लागले). पुढच्या एकदोन वर्षांत दंडाधिकाऱ्याचे अधिकार न्यायाधीशाकडून काढून कलेक्टरला दिले गेले. वसुली करणारा आणि पकडणारा एक झाला. पदे अशी अदलाबदल होत राहिली, तरी तुरुंगासाठी वेगळे खाते निघाले नाही. तो जिल्ह्यातल्या साहेबांच्या अनेक कामांपैकी एक काम म्हणूनच राहिला.

इंग्लंडातला नमुना इथे आणला खरा, पण त्यातला कणा वाटेतच राहिला. इंग्रज दंडाधिकारी तिथलाच असे. कैदी त्याच्या गावचा, तुरुंगाचा खर्च त्याच्या शेजाऱ्याच्या खिशातून, आणि चुकला तर त्रैमासिक बैठकीत दुसरा दंडाधिकारी त्याला विचारणारा. ठाण्याचा दंडाधिकारी कंपनीचा पगारी माणूस. चार वर्षांनी त्याची बदली. खर्च कंपनीच्या तिजोरीतून. त्याला विचारणारे मुंबईत, आणि तेही कागदावरून. स्थानिक मंडळींनी तुरुंगात जाऊन पाहावे, अशी सोय त्या आरंभीच्या व्यवस्थेत नव्हती. उरला तो फक्त अधिकार. भाषेचा प्रश्न तर वेगळाच.

या भाषेच्या प्रश्नाने ठाण्याच्या किल्ल्यात एक प्रसिद्ध प्रकरण घडले. बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला. त्याबद्दल दुसऱ्या बाजीरावाचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे याला एल्फिन्स्टनने मागून घेतले आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. तो राजकैदी होता, सामान्य तुरुंगातला बंदी नव्हे. देशी शिपाई फितूर होतील म्हणून पहारा सगळा गोऱ्या सोजिरांचा. त्यांना मराठीचा गंध नव्हता. एका इंग्रज अधिकाऱ्याकडे नोकरीला राहिलेला मराठा मोतद्दार घोड्याला खरारा करताना कैद्याच्या खिडकीखाली गाणी म्हणत असे. पहारेकऱ्यांना ती करमणूक वाटली, पण गाण्यांत निरोप होता. सप्टेंबर १८१६ मधल्या एका पावसाळी रात्री त्रिंबकजी शौचकूपाच्या भिंतीतून निसटला, असे सांगितले जाते. तटावरून उतरून तो पसार झाला. काही वर्षांनी या भागातून गेलेला बिशप हेबर याने ही हकीकत मोठ्या चवीने लिहून ठेवली. १८१८ मध्ये त्रिंबकजी पुन्हा पकडला गेला. या वेळी त्याला दूर चुनारगडावर नेले आणि तिथेच तो वारला. मराठीच्या आवाक्याबाहेर नेण्यात इंग्रजांचा धडा दिसतो.

साधा कैदी मात्र निसटत नसे, तो राबत असे. १८२७च्या एल्फिन्स्टन संहितेने मुंबई इलाख्यात गुन्हे आणि शिक्षा प्रथमच एका ठिकाणी मांडल्या. देहान्त, हद्दपारी, काळे पाणी, सक्तमजुरी, फटके, दंड, जाहीर बेअब्रू अशी ती मालिका होती. सक्तमजुरी म्हणजे बहुधा पायांत बेडी घालून सडकेवर खडी फोडणे. भिंतीच्या आत काम देण्याइतकी मोठी जागाच जिल्ह्याच्या तुरुंगांत नसे. काळ्या पाण्याचे कैदी पिनांगला, १८१५ पासून मॉरिशसला, पुढे सिंगापूरला जात. उलट त्या बाजूचे चिनी आणि मलायी कैदी इकडे आले आणि १८३०च्या दशकापासून महाबळेश्वरच्या तुरुंगात राहून त्यांनी तिथले रस्ते केले, भाजीपाल्याचे मळे फुलविले. थंड हवेच्या ठिकाणी सहलीला जाणाऱ्याला ते मजूर कोण होते, हे आता कोणी सांगत नाही.

अन्न हा तुरुंगातला सर्वांत नाजूक विषय. कंपनीच्या मुलखात बऱ्याच ठिकाणी कैद्याला रोजचे पैसे किंवा कोरडा शिधा देत आणि ज्याने त्याने आपली चूल मांडावी, असा रिवाज होता. जातिभेद सांभाळला जाई आणि साहेबाचा त्रासही वाचे. सर्वांचे एकत्र शिजवण्याचा प्रयत्न पुढे उत्तर हिंदुस्थानात झाला, तेव्हा तुरुंगांतून दंगे उसळले. १८५५ मध्ये बिहारात कैद्यांचे पितळी लोटे काढून घेतले म्हणून आऱ्यात आणि मुजफ्फरपुरात मोठा क्षोभ झाला. पुढे सरकारने निराळाच मार्ग काढला. जात मोडण्याऐवजी तिलाच नियमपुस्तिकेत बसविले. स्वयंपाक कोणी करावा, झाडू कोणी मारावा, हे जातीवरून ठरू लागले आणि ती वाक्ये स्वातंत्र्यानंतरही अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत तशीच छापली जात राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी केलेल्या याचिकेवरचा तो निकाल होता.

कर्जदारांच्या बाबतीत मात्र कंपनीच्या कायद्याने जॉर्जियन इंग्लंडचा एक शहाणा धडा उचलला. ज्याने कर्जदाराला आत टाकले, त्यानेच त्याच्या पोटाला द्यावे. इंग्लंडात अठराव्या शतकाच्या मध्यापासून सावकाराकडून दिवसाला चार पेन्स मिळण्याची सोय होती, पण ते मिळवायला कर्जदाराला कोर्टात जावे लागे. इथे तोच नियम पुढे सरळ करण्यात आला. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार सावकाराने भत्ता आगाऊ भरला नाही, तर कर्जदार सुटतो.

साहेबाला वेळ नाही

ही सारी व्यवस्था किती दिवस चालणार, हा प्रश्न पुढे सरकारलाच पडला. डिसेंबर १८३५ मध्ये मेकॉलेने सुचविल्यावरून तुरुंगाच्या शिस्तीची चौकशी करायला समिती नेमली गेली आणि १८३८ मध्ये तिचा अहवाल आला. खालच्या नोकरांची लाचखोरी, शिस्तीचा अभाव आणि कैद्यांना सडकांवर मोकळे राबविणे, या तीन गोष्टींवर तिने बोट ठेवले. पाहणी करणाऱ्या दंडाधिकाऱ्याला शेकडो कामे असतात, तेव्हा तुरुंगासाठी स्वतंत्र महानिरीक्षक असावा, अशी तिची सूचना होती. मात्र कैद्याशी माणुसकीने वागावे की कठोरपणे, या प्रश्नावर समितीचा कौल कठोरपणाकडे गेला. सुधारणेच्या साधनांवर तिचा विश्वास नव्हता. १८४४ मध्ये वायव्य प्रांतात पहिला महानिरीक्षक आला आणि नंतर इतर इलाख्यांत. १८६४च्या समितीनंतर जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन हा तुरुंगाचा अधीक्षक होऊ लागला. कलेक्टरच्या हातची किल्ली अशी एकेक करून सुटत गेली.

इंग्लंडातही हेच झाले, फक्त उशिरा आणि भांडणानंतर. १८३५ मध्ये लंडनचे निरीक्षक परगण्यांच्या तुरुंगांत शिरू लागले. १८७७च्या कायद्याने सगळे स्थानिक तुरुंग सरकारजमा झाले. दंडाधिकाऱ्यांकडे फक्त भेट देऊन पाहण्याचे आणि तक्रार ऐकण्याचे काम उरले.

हिंदुस्थानात १८९४चा कायदा झाला, तेव्हा हाच समझोता त्यात उतरला. कारभार खात्याचा आणि नजर जिल्हा दंडाधिकाऱ्याची. अकराव्या कलमातला तो दुसरा धनी असा आला. त्याखाली तालुक्यातही जुनी साखळी तगून राहिली. गावातला पोलीस पाटील १८६७च्या कायद्याने किरकोळ मारामारीबद्दल चावडीत चोवीस तास बसवू शके. मामलेदाराच्या कचेरीशेजारी कोठडी असे आणि दुय्यम कारागृहाचा पदसिद्ध अधीक्षक मामलेदारच, म्हणजे आताचा तहसीलदार. सातबारा, रेशन, पीकपाणी आणि कैदी हे सारे एका टेबलावर. १७९९च्या 'जज्ज आणि मॅजिस्ट्रेट'शी याचे नाते लगेच ओळखू येते.

पकडणारा आणि न्याय देणारा वेगळा असावा, ही मागणी काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांपासून होती. मुंबई राज्याने १९५१ साली त्यासाठी कायदा केला आणि तो १ जुलै १९५३ पासून अमलात आला. देशभर ही फारकत १ एप्रिल १९७४ पासून, नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने झाली. खटला न्यायदंडाधिकाऱ्याकडे गेला आणि कलेक्टर कार्यकारी दंडाधिकारी उरला. पण तुरुंगाची पाहणी दोघांकडेही राहिली. ती किती होते, हा प्रश्न डिसेंबर १९७९ मध्ये सुनील बत्रा प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांच्यापुढे आला. तिहार तुरुंगातल्या एका बंद्याने दुसऱ्या बंद्याच्या छळाबद्दल लिहिलेले पत्र न्यायालयाने याचिका म्हणून घेतले. जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीश यांनी स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत तुरुंगात जावे, कैद्याला एकांतात बोलू द्यावे आणि तक्रारपेट्या ठेवाव्यात, असे आदेश त्यात आहेत. इंग्लंडच्या १८२३ च्या कायद्यातील वहीचाच हा नवा अवतार म्हणता येईल.

ठाण्याच्या तुरुंगाने या दोन शतकांत बरेच पाहिले. १९१० साली नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या, म्हणजे एका जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या, वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल रोजी इथेच फाशी दिले. १९११ मध्ये सावरकर अंदमानला जाण्यापूर्वी इथे होते. त्याआधी, १८८२ साली, मुंबईच्या डोंगरी तुरुंगात टिळक आणि आगरकर १०१ दिवस होते आणि तुरुंग आतून कसा असतो हे आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहून मराठी वाचकाला सांगितले. तो हॉवर्डहून निराळा पाहणारा होता. हॉवर्ड आत जाऊन बाहेर येत असे, आगरकर आतच होते.

आता ठाणे मध्यवर्ती कारागृहाची अधिकृत क्षमता १,१०५ आणि कल्याणची ५४० सांगितली जाते. गेल्या दशकभरात दोन्हीकडे त्याच्या दुपटीहून अधिक बंदी राहिले आहेत. त्यातले बहुसंख्य कच्चे कैदी. देशभराचा हिशेबही तोच : २०२२ अखेर भारतातील कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के जणांचे खटले निकाली निघालेले नव्हते. हॉवर्डच्या मोजणीत जे स्थान कर्जदारांचे होते, ते आता यांचे. शुल्क उकळणारा तुरुंगाधिकारी गेला, पण जामिनाची रक्कम किंवा जामीनदार न मिळाल्याने आत राहिलेला माणूस बेडफर्डच्या त्या निर्दोष कैद्यांपासून फार दूर नाही.

आणि 'जेल डिलिव्हरी'ची ती यादीही परत आली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५च्या आदेशानंतर प्रत्येक जिल्ह्यात कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी समिती असते. जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष, तर जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीसप्रमुख सदस्य. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, देहान्त किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असणारे वगळता, प्रथमच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश आणि इतरांनी निम्मा काळ आत काढला की सुटकेचा अर्ज न्यायालयात करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावरच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये राज्य विधिमंडळाने १८९४च्या जागी येणारे महाराष्ट्र कारागृहे व सुधारसेवा विधेयकही मंजूर केले.

समितीपुढची ती यादी तुरुंगाच्या कार्यालयात तयार होते. अटकेची तारीख, कलम, आत काढलेले दिवस, अशा रकान्यांत प्रत्येक नाव बसवावे लागते. धामणकर नाक्यावरून कल्याणच्या रस्त्याला लागलेल्या यंत्रमाग कामगाराच्या घरच्यांनी वकिलाकडे पहिल्यांदा विचारायची गोष्ट हीच, की त्या यादीत त्याचे नाव आणि त्यापुढचा दिवसांचा आकडा बरोबर लिहिला आहे का.